लाभ, दोन, तीन

"लाभ!" असं म्हणून ते पहिल्या माणसाच्या खांद्याला बोट लावायचे. मग "दोन… तीन… चार…" असं म्हणत रांगेच्या शेवटापर्यंत जायचे. बोट लावल्याशिवाय त्यांनी कधी माणूस मोजला नाही. नुसत्या नजरेनं मोजलेलं खोटं असतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

ते वाईच्या बाजारात मापाडी होते. तुमच्याही गावात असा एखादा मापाडी तुम्ही पाहिला असेल. समोर धान्याची रास, एक गुडघा मुडपलेला, हातात अधोलीचं माप. पहिलं माप भरलं की तो "एक" म्हणत नाही. पहिल्या मापाला "लाभ" म्हणायचं, ही रीत. राशीला बरकत यावी म्हणून. पुढचं माप भरेपर्यंत तो "लाभ लाभ लाभ" असं घोळवत राहतो, म्हणजे आकडा चुकत नाही. मग "दोन दोन दोन". आमचे हे मापाडी त्यात फार पक्के. दोन शेतकरी भांडायला लागले की म्हणत, "तात्याला बोलवा." तात्यांनी मोजलं की भांडण मिटलं. त्यांचं खरं नाव मी इथे सांगत नाही. आळीत कुणी ते घेतही नसे.

बाजरीची मापं उरकली आणि शाळूला अजून वेळ असला, की त्या मधल्या दिवसांत तात्या वीस-बावीस माणसं जमवून यात्रेला न्यायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी चार वेळा त्यांनी रामेश्वराची यात्रा केली. वाठार स्टेशनवर गाडीत बसवलेलं प्रत्येक माणूस त्यांनी वाठारला परत उतरवलं. कुणी हरवलं नाही, कुणी मागे राहिलं नाही. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत. "आनलं तेवढं न्हेलं, न्हेलं तेवढं आनलं," असं म्हणून ते मिशीवरून बोट फिरवायचे.

मी युद्धाच्या काळात वाईच्या शाळेत भूगोल शिकवायला आलो आणि त्यांच्या शेजारच्या घरात भाड्याने राहिलो. भूगोल शिकवणारा मास्तर म्हणजे कसा, तर सगळं जग नकाशावर छडी फिरवून पाहिलेला. मी तोवर वाठारहून पुण्यापलीकडे कधी गेलो नव्हतो. तात्या मला कौतुकाने "मास्तर, तुमी तर समदं जग बगितलंय," असं म्हणायचे, आणि मीही ते खोडून काढत नव्हतो.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, एकदा दुपारी माझ्या ओसरीवर आल्या. हातात शेंगांची वाटी होती. भिंतीवर हिंदुस्थानचा मोठा नकाशा लावला होता. त्या नकाशापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यात रामेश्वर कुटं हाय?"

मी दाखवलं. त्यांनी तिथे बोट ठेवलं. "हितं चार डाव गेले मी," त्या म्हणाल्या. मग बोट खाली घसरलं. "आन् ह्यो खालचा थेंब कसला?"

"ती लंका. सिलोन म्हणतात."

बस्स, मला एवढंच निमित्त हवं होतं. मी पाऊण तास बोललो असेन. तिथले चहाचे मळे, दालचिनीची झाडं, नदीत डुंबणारे हत्ती, कँडी नावाच्या गावातलं बुद्धाच्या दाताचं देऊळ, एका डोंगराच्या माथ्यावर असलेलं पावलाचं चिन्ह. शाळेतल्या मुलांनी कधी इतकं मन लावून माझं ऐकलं नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "आणि चहूबाजूंनी समुद्र."

"समुद्र कसा आसतो, मास्तर?"

मला वाटलं, त्या थट्टा करताहेत. "काकी, तुम्ही चार वेळा रामेश्वराला जाऊन आलात ना?"

"गेले की. पर मी सामानापाशी हुते."

त्या सहज म्हणाल्या. कुणाची तक्रार करावी असा सूरच नव्हता. मी खोदून विचारलं, तेव्हा कळलं. सगळी मंडळी देवाला गेली की सामानाजवळ कुणीतरी बसायला हवं, आणि ती परत आली की जेवण तयार हवं. हे काम काकींचं. रामेश्वराच्या धर्मशाळेचं अंगण, तिथली चूल आणि ट्रंका, एवढं त्यांनी चार वेळा पाहिलं होतं.

"पण गाडी समुद्रावरच्या पुलावरून जाते. तेव्हा तरी?"

"तवा वळकट्या बांदायच्या आसत्यात. मानसांच्या डोक्यांवरनं जरासं पानी दिसतं." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आवाज ऐकलाय मी. रातभर येतो त्येचा आवाज, भिंतीपल्याडनं."

जाताना त्यांनी पुन्हा नकाशाकडे पाहिलं. "त्या थेंबात आपला देव हाय का कुठला?"

"तसा आपला म्हणावा असा मोठा देव नाही. लोक नुसतं बघायलाच जातात."

"मग ब्येस," त्या म्हणाल्या. "देव न्हाई म्हंजे सैपाकाला येवढी मानसं येनार न्हाईत."

हे सगळं मी संध्याकाळी तात्यांना सांगितलं. हसत हसतच सांगितलं. ते हसले नाहीत. "बगितला न्हाई?" एवढंच म्हणाले. "चार खेपा?" मग धोतराचा सोगा झटकून उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो, तेव्हा कुंपणापलीकडून त्यांनी विचारलं, "मास्तर, रामेश्वराच्या म्होरं बोटीनं किती येळ लागतो?"

असा आमचा लंकेचा बेत ठरला. युद्ध संपून वर्ष उलटलं होतं, गाड्या पुन्हा नीट धावू लागल्या होत्या आणि तेव्हा पासपोर्टची भानगड नव्हती. तरी माणसं जमवणं अवघड गेलं. "लंकेत काय काम हाय?" असं जो तो विचारायचा. "बगायचं हाय," असं तात्या सांगत. "काय बगायचं?" यावर तात्या माझ्याकडे बोट दाखवत. काम नाही, नोकरी नाही, लढाई नाही, देव नाही आणि तरी माणूस एवढ्या लांब जातो, हे लोकांच्या गळी उतरेना. शेवटी परतताना रामेश्वर घडवण्याचं कबूल केलं, तेव्हा बावीस जण भरले. त्यातला एक मी. एक पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार होते. आणि कोरेगावकडच्या एक पाटलीणबाई, ज्या चारही यात्रांत तात्यांच्या रांगेत पहिल्या उभ्या असत. "लाभ" नेहमी त्यांच्या खांद्याला लागायचा आणि त्या तो मानाने लावून घ्यायच्या.

निघायच्या आदल्या दिवशी तात्या काकींना म्हणाले, तेही आमच्यासमोर, "ह्या खेपेला तू सामानापाशी बसायचं न्हाई. पाळ्या लावल्यात मी. तू बगायचं."

काकींनी पदर तोंडाला लावला. मला वाटतं, त्या हसत होत्या.

पाळ्या मद्रासपर्यंत टिकल्या. आधी एकाचे पाय सुजले, मग एकीला ऊन लागलं, मग एकाने मध्येच डुलकी काढली आणि एक पिशवी गेली. काकींनी न बोलता आपलं घोंगडं ट्रंकांपाशी टाकलं. बोटीवर तर सगळ्यांना मळमळायला लागलं. काकी खालच्या मजल्यावर कुणाला लिंबू दे, कुणाचं डोकं धर, असं करत राहिल्या. मी वर कठड्याला धरून उभा होतो आणि पहिल्यांदाच पाहत असलेल्या समुद्राबद्दल हवालदारांना माहिती देत होतो. काकींना वर बोलवावं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आज ते लिहिताना लाज वाटते, पण नाही आलं.

कोलंबोला एका व्यापाऱ्याच्या धर्मशाळेत उतरलो. तिथून रेल्वेने कँडीला गेलो. गाडी डोंगर चढत होती आणि खिडकीबाहेर इतकं हिरवं होतं की आमच्यातल्या शेतकऱ्यांना ते पटेना. "ह्यात दगूड कुटं हाय?" एकाने मला विचारलं. कँडीच्या तळ्याकाठी ते दाताचं देऊळ आहे. आत ढोल वाजत होते, पांढऱ्या कपड्यांतली माणसं कमळं घेऊन शांतपणे रांगेत उभी होती, फुलांचा वास कोंदला होता. आमच्या मंडळींत मात्र कुजबूज चालली होती. दाताला नमस्कार करायचा की नाही? पाटलीणबाई म्हणाल्या, "येवढं किस्नामाईचं घाट सोडून दात बगाया आलो व्हय!" तात्यांनी हात जोडले. म्हणाले, "मानूस मोटा हुता म्हंत्यात. त्येचा दात बी मोटाच." मग सगळ्यांनी हात जोडले. काकी त्या वेळी उतारशाळेत आमच्या वळकट्यांपाशी होत्या.

दुसऱ्या दिवशी मात्र नशीब उघडलं. आम्ही एक मोठी प्रवासी मोटार ठरवली होती. ड्रायव्हरने सगळं सामान टपावर चढवून दोरीने आवळलं. म्हणजे राखायला सामानच उरलं नाही. काकी पहिल्यांदा मोकळ्या हाताने चालत होत्या. ते मोकळे हात कुठे ठेवावेत, हे त्यांना कळत नव्हतं. कधी पदर धरत, कधी पाठीमागे नेत.

आधी आम्ही तिथल्या मोठ्या बागेत गेलो. ताडासारख्या उंच झाडांची दुतर्फा रांग, दोन हातांत न मावणारा बांबू, झाडाला उलटी लटकलेली शेकडो वटवाघळं. मी नेहमीप्रमाणे माहिती सांगत पुढे आणि माझं कुणी ऐकत नव्हतं. काकी सगळ्यांच्या मागे. एका माळ्याने त्यांना एक पान चुरगाळून दिलं. त्यांनी वास घेतला आणि मोठ्याने म्हणाल्या, "आवं, दालचिनी! पानाला बी वास हाय!" तात्यांनी मागे वळून पाहिलं. इतक्या माणसांत काकींनी मोठ्याने बोललेलं मी तरी त्याआधी ऐकलं नव्हतं. तात्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी बाजारात कधी पाहिलं नव्हतं.

मग नदीवर गेलो. हत्ती अंघोळ करत होते. नारळाच्या शेंड्यांनी माहूत त्यांची पाठ घासत होते आणि ते एवढाले जीव डोळे मिटून पाण्यात कुशीवर पडले होते. एक लहान पिल्लू होतं. ते बाहेर यायलाच तयार नव्हतं. आमची माणसं पोट धरून हसली. दशम्या मोटारीतच होत्या, पण गाडीची वेळ होत आली, तेव्हा जेवण रेल्वेत करू असं ठरलं. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. तात्या मोटारीच्या दाराशी उभे राहिले आणि एकेकाच्या खांद्याला बोट लावून चढवू लागले. लाभ, दोन, तीन… बावीस. मी भूगोलाचा असलो तरी गणितातही कमी नाही, म्हणून माझ्या सीटवरून मीही मोजले. बावीसच भरले. मोटार निघाली.

स्टेशनवर हवालदारांनी हमाल लावून सामान डब्यात टाकलं. एरवी बोचकी काकी मोजून घेत. गाडी सुटली. घाट उतरू लागली. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. दशम्यांचं गाठोडं आणि चटणीचा डबा फळीवर समोर दिसत होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणी उठेना. मग पाटलीणबाई म्हणाल्या, "तात्या, तुमच्या कारभारणीला म्हनावं, वाडा आता. जीव चाललाय."

तात्यांनी वळून पाहिलं. डब्याच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत पाहिलं. मग उठून बाकाखालीसुद्धा वाकून पाहिलं. गाठोडं तसंच फळीवर होतं.

पुढचं स्टेशन येईपर्यंत तात्या दारात उभे होते. मंडळींना हवालदारांच्या स्वाधीन केलं आणि आम्ही दोघं उतरलो. उलट दिशेच्या गाडीला तास होता. त्या लहानशा स्टेशनच्या बाकावर बसून तात्यांनी बोटांवर माणसं मोजायला सुरुवात केली. पाटलीणबाई लाभ, त्यांची जाऊ दोन, हवालदार तीन… प्रत्येकाचं नाव घेऊन ते बावीसपर्यंत गेले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"बावीस भरत्यात, मास्तर," ते म्हणाले. "मी चुकलो न्हाई. तुमीबी मोजलं की."

"तात्या," मी म्हणालो, "आपण चोवीस आहोत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, तेव्हा त्यांना कळलं. मलाही तेव्हाच कळलं. मापाडी स्वतःला मापात धरत नाही, आणि बायकोला ते स्वतःतच धरत आले होते. चार यात्रांत, वाठारपासून रामेश्वरापर्यंत आणि परत, त्यांनी हजार वेळा माणसं मोजली असतील. त्यात काकी एकदाही नव्हत्या. सामान होतं तिथे काकी होत्या, म्हणून चूक कधी उघडी पडली नाही.

तात्या परतीच्या गाडीत उभेच राहिले. मी मनात नको नको ते आणत होतो. परका मुलूख, परकी भाषा, काकींना मराठीशिवाय एक अक्षर येत नाही. जवळ खायला नाही. नदी खोल. मी तात्यांकडे पाहायचं टाळत होतो. कँडीला उतरल्यावर एक गाडी मिळाली. नदी जवळ आली तसे तात्या पुढच्या सीटवर हात ठेवून अर्धे उठले.

काकी तिथेच होत्या. काठावरच्या दगडावर बसल्या होत्या आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले होते. शेजारी तिथलीच एक म्हातारी बसली होती. दोघींच्या मध्ये काकींची पानाची चंची उघडी होती. ती तिच्या भाषेत काही सांगत होती, काकी आपल्या भाषेत "व्हय, व्हय" म्हणत होत्या. एक शहाळं फोडून पुढ्यात ठेवलेलं होतं. ऊन कलायला लागलं होतं.

"आलासा?" काकी म्हणाल्या. "ह्ये बारकं अजून भाईर याया न्हाई म्हंतंय बगा. दोन डाव काडलं, दोन डाव माघारी पळालं."

तात्या उभे होते. "भ्याली न्हाईस?"

"कशापाई भ्यायचं? मोटार गेल्याली बगितली मी. म्हनलं, जेवायच्या वक्ताला आठवन हुईल, मग येतील." मग काहीतरी ध्यानात येऊन त्यांनी विचारलं, "दशम्या वाडल्या का कुनी?"

"न्हाई," तात्या म्हणाले.

मी तुम्हाला खरं सांगतो, त्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. काकींनी ते अगदी सरळ सांगितलं होतं. पाऊस आला की ओढ्याला पाणी येईल, इतक्या सरळ. तात्या हळूच खाली बसले. वहाणा काढल्या आणि त्यांनीही पाय पाण्यात सोडले. मी तिथून दूर जाऊन एका झाडाखाली उभा राहिलो. ते दोघं बराच वेळ त्या पिल्लाकडे बघत बसले होते. शेवटी माहुताने त्याला कान धरून बाहेर काढलं, तेव्हा काकी हसल्या. तात्या मात्र तेव्हा पटक्याच्या सोग्याने तोंड पुसत होते.

कोलंबोला पोचल्यावर दुसऱ्या सकाळी सगळे धर्मशाळेच्या दारात रांगेत उभे राहिले. पाटलीणबाई पहिल्या. तात्या आले आणि त्यांच्या पुढून निघून गेले. चुलीपाशी काकी भांडी आवरत होत्या, त्यांच्या खांद्याला बोट लावून ते म्हणाले, "लाभ." मग परत येऊन पाटलीणबाईंच्या खांद्याला बोट लावलं. "दोन."

"आन् मी वो?" पाटलीणबाई म्हणाल्या.

"तुमी दोन."

पाटलीणबाई दोन दिवस रुसल्या. पण त्या दिवशी सामानापाशी बसल्या त्याच. कुणी सांगितलं नव्हतं. ट्रंकेवर ठाण मांडून म्हणाल्या, "जावा, समदी जावा. माजं पाय दुकत्यात." त्यांचे पाय दुखत नव्हते, हे मला माहीत आहे.

तात्या काकींना समुद्राकाठच्या मोठ्या मैदानावर घेऊन गेले. मीही होतो. मैदान संपतं तिथे एकदम समुद्र सुरू होतो. मोठमोठ्या लाटा बांधावर आपटत होत्या. काकी कितीतरी वेळ उभ्या होत्या. पदर वाऱ्याने डोक्यावरून उडाला, तो त्यांनी सावरला नाही. मी काही माहिती सांगणार होतो. लंकेतल्या त्या दिवसांत मी एकदाच वेळेवर तोंड बंद ठेवलं.

"काय?" शेवटी तात्यांनी विचारलं.

"आवाज त्योच हाय," काकी म्हणाल्या.

रामेश्वर करून वाईला परत आल्यावर काशीहून आल्यासारखं मावंद्याचं जेवण घालायचं की नाही, यावर आळीत बराच खल झाला. मावंदं काशीचं. लंकेचं मावंदं कुणी ऐकलं नव्हतं. "कुठला देव केला लंकेत?" असं विचारायला बायका काकींकडे येत. "हत्ती," असं काकी सांगत आणि बायका एकमेकींकडे बघत. तात्यांनी जेवण घातलं. पहिल्या पंगतीला काकींना बसवलं आणि स्वतः वाढायला उठले. पोळी एकाच्या पानात दोन, दुसऱ्याच्या पानात नाही, आमटी पाटावर. जन्मभर माप धरलेल्या हाताला पळी काही धरता येईना. काकी ताटावरून सारख्या उठू पाहत होत्या. तात्या त्यांना दटावून खाली बसवत होते.

काकी त्यानंतर दोन पावसाळे होत्या. तिसऱ्याच्या तोंडी तापाने गेल्या. शेवटच्या दिवसांत माझ्या ओसरीवर येणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून मी नकाशा भिंतीवरून काढून त्यांच्या खाटेसमोर लावला होता. माझ्याकडून त्यांच्यासाठी झालं ते एवढंच.

मापांचे दिवस आले, तेव्हा तात्या बाजारात बसले. मी मुद्दाम पाहायला गेलो होतो. "लाभ" त्यांनी म्हटलं, पण घोळवलं नाही. एकदाच म्हटलं आणि दुसरं माप भरेपर्यंत गप्प राहिले.

त्याच हिवाळ्यात त्यांनी पुन्हा रामेश्वराची यात्रा काढली. लोकांना बरं वाटलं, म्हातारा सावरला म्हणाले. मीही रजा काढून गेलो. माणसं थोडी होती, मी धरून अठरा. वाटभर ते नेहमीसारखेच वागले. रामेश्वराच्या धर्मशाळेत पोचलो. सकाळी सगळे अंघोळीला आणि देवाला निघाले, तेव्हा तात्या उठेनात.

"चला, तात्या."

"तुमी जावा. मी हाय सामानापाशी."

"मी बसतो हवं तर. तुम्ही निदान समुद्रावर जाऊन या."

"समुद्र बगितलाय मी," ते म्हणाले. "हितनं काय दिसतं ते बगायचं ऱ्हायलंय."

मी मंडळी गेल्यावर थोडा वेळ त्यांच्याजवळ थांबलो. त्या ट्रंकेवर बसून काय दिसतं ते तुम्हालाही सांगतो. चुन्याचे पोपडे निघालेली एक भिंत दिसते. एक नळ दिसतो, तो गळत असतो. दोरीवर कुणाची तरी लुगडी वाळत असतात आणि दारातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसतात. भिंतीपलीकडून समुद्राचा आवाज येतो.

तिथे आम्ही तीन दिवस होतो. तिन्ही दिवस तात्या ट्रंकेवरून हलले नाहीत. परत निघताना सगळे अंगणात रांगेत उभे राहिले. टांगे दारात आले होते. तात्या म्हणाले, "मास्तर, तुमी मोजा. माजा आवाज बसलाय."

मी रांगेकडे गेलो नाही. आधी ट्रंकेपाशी गेलो आणि त्यांच्या खांद्याला बोट लावलं.

"लाभ," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. मग ते ट्रंकेवर थोडे बाजूला सरकले, शेजारी एक माणूस बसेल एवढे.

"लाभ ती, मास्तर," ते त्या मोकळ्या जागेवर हात ठेवून म्हणाले. "मी दोन."

रांगेतली माणसं माझी वाट बघत उभी होती. मी पहिल्या माणसाच्या खांद्याला बोट लावलं आणि तीनपासून मोजायला लागलो.